तव्यावरची भाकरी आणि तेविसावं स्तोत्र

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. नगर जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात तिचा दिवस पहाटे चुलीपाशी उजाडायचा, आणि तिची उपासनाही तिथंच चालायची. परातीत बाजरीचं पीठ, शेजारी पाण्याचा तांब्या. पहिला गोळा मळायला घेतला की ती म्हणायची, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.’ भाकरी थापून तव्यावर पडायची, वरून पाण्याचा हात फिरायचा, मग उलटायची, मग आरावर टम्म फुगायची. तेवढा वेळ ते एकच वचन, हळू आवाजात, पुन्हा पुन्हा. दुसऱ्या गोळ्याला दुसरं वचन. बायबलमधल्या या तेविसाव्या स्तोत्रात वचनं सहा, आणि न्याहारीच्या भाकरीही साधारण तेवढ्याच.

मी शिकलेली. त्यामुळे माझं सगळं बेतशीर. दर एक जानेवारीला ठरवायचं, यंदा अख्खं बायबल वाचून काढायचं. ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय. भागाकार केला तर रोजचे तीन-साडेतीन. पहिलं पुस्तक उत्पत्ती, ते गोष्टींच्या ओढीनं सरतं. दुसऱ्या, निर्गमाच्या पुस्तकातला उपासनेच्या मंडपाच्या मापांचा भाग जरा जड जातो, पण तोही सरतो. जानेवारी संपता संपता तिसरं पुस्तक लेवीय येतं, होमबली आणि अन्नबली अशा अर्पणांचे नियम येतात, आणि माझी गाडी तिथं रुतते. तुमच्यापैकी पुष्कळांची तिथंच रुतत असणार, हे मी पैजेवर सांगते. एका वर्षी मोबाइलनं मला कळवलं, ‘तुम्ही १९ दिवस मागे आहात.’ म्हणजे साठावर अध्यायांची थकबाकी! पतपेढीची नोटीस यावी तसं वाटलं. मी ते ॲपच काढून टाकलं. आणि त्याबरोबर वाचनही सुटलं, पार पुढच्या जानेवारीपर्यंत.

आता बघा, प्रभू येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो. महिन्याचा शिधा मागत नाही. ही प्रार्थना ऐकणाऱ्या यहुदी शिष्यांना रानातला मान्ना, म्हणजे त्यांच्या पूर्वजांना देवानं रानात पुरवलेलं अन्न, ठाऊक होता. निर्गमाच्या १६ व्या अध्यायात ती हकिकत आहे. सकाळी दव सुकलं की जमिनीवर बारीक खवल्यांसारखं काहीतरी पडलेलं दिसायचं. लोकांनी एकमेकांना विचारलं, ‘हे काय?’ आणि त्या प्रश्नावरूनच त्याला मान्ना हे नाव पडलं. माणशी एक ओमर, म्हणजे एक ठरलेलं माप, गोळा करायचा, तोही ऊन तापायच्या आत, कारण उन्हानं तो वितळायचा. काही हुशार लोकांनी उद्यासाठी ठेवून पाहिला, तर त्यात किडे पडले, घाण सुटली. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट मिळायचा आणि तेवढाच टिकायचा, कारण सातवा दिवस विसाव्याचा. शिस्तीतच सुट्टीची सोय करून ठेवणारा देव मला तरी फार आवडतो.

माझी चूक इथं होती. मी कालचा मान्ना आज गोळा करायला निघाले होते.

प्रेषित पौलानं आपल्या तरुण सहकाऱ्याला, तिमथ्याला लिहिलं आहे, ‘सुभक्तीविषयी कसरत कर.’ मूळ ग्रीक शब्दही आखाड्यातलाच आहे. आपण ज्याला जिम म्हणतो, तो शब्द त्याच मुळातून आला. तालमीत जाणारा पोरगा आज मन लागत नाही म्हणून जोर-बैठका चुकवत नाही. आणि आठवड्याच्या बैठका रविवारी एकदम मारायला गेला, तर वस्ताद त्याला हाकलून देईल. आपण मात्र आठवड्याची सगळी प्रार्थना रविवारच्या दीड तासात कोंबतो.

केडगावच्या मुक्ती मिशनचं १९०५ सालचं संजीवन, म्हणजे तिथं आलेली श्रद्धेची मोठी जागृती, ख्रिस्ती मंडळींत अजून सांगितलं जातं. नगरजवळचं केडगाव नव्हे, दौंडकडचं, पंडिता रमाबाईंचं. जूनअखेरीस तिथं मुली रडत, पापांची कबुली देत, रात्र रात्र प्रार्थना करत होत्या, ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याआधी, वर्षाच्या सुरुवातीपासून रमाबाईंच्या सांगण्यावरून तिथल्या बायका महिनोन्‌महिने रोज प्रार्थनेला जमत होत्या. त्या महिन्यांत सांगण्यासारखं फारसं काही घडलं नाही, म्हणून त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही.

‘माझं काम हीच माझी प्रार्थना,’ असं म्हणणारे भेटतात, आणि हमखास ब्रदर लॉरेन्सचा दाखला देतात. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेली मठात हा माणूस स्वयंपाकघरात राबत होता. आधी सैनिक होता, पाय अधू झालेला. स्वयंपाकाची त्याला मुळात नावड, तरी भांड्याकुंड्यांच्या खडखडाटात आपण देवाजवळच असतो, असं तो सांगे. खरं आहे. पण मठात प्रार्थनेच्या वेळा ठरलेल्या होत्या आणि तो त्या पाळत होता, हे लोक सोयीस्करपणे गाळतात. आजीचंही तेच. भाकरीबरोबरचं स्तोत्र दिवसभर तिच्याबरोबर शेतात जायचं, कारण पहाटे ते ठरल्या जागी म्हटलेलं असायचं.

मीही आता थकबाकीचा हिशेब सोडला आहे. सकाळी कुकरच्या शिट्ट्या होईतो ओट्याशी उभी राहून एक स्तोत्र वाचते. ११९ वं आलं की तुकडे पाडते, १७६ वचनं एका कुकरमध्ये बसत नाहीत. कधी मन लागतं, कधी डाळीकडेच लक्ष असतं.

लहानपणी एकदा मी आजीला विचारलं होतं. स्तोत्र चालू असताना शेळी सुटायची, कुणी हाक मारायचं, ती उठून जायची. मग परत आल्यावर कुठून सुरू करतेस? आठवतं तरी का?

ती म्हणाली, ‘अगं, तव्यावर जी असंल, तिथून.’

‘आणि ती करपली असली तर?’

‘ती मी खाते. तू पीठ दे इकडं.’