जरा पकडना, भैया

(पडदा अंधारा. जनरेटरची घरघर. फाटक्या भोंग्यातून लांबून येणारं गाणं. मग अगदी जवळून एका बाईचा आवाज: "जरा पकडना, भैया.")

संक्रांतीची संध्याकाळ. ग्वाल्हेर. पारा झरझर उतरतोय आणि धुकं अजून रेसकोर्स रोडच्या पलीकडे थबकलंय. अशा थंडीत शहाण्या माणसानं घरात शेगडीपाशी बसावं. आमच्या गावची माणसं शाल पांघरून मेळ्यात येतात आणि उभ्या उभ्या सॉफ्टी खातात. हे बाहेरच्या पाहुण्याला समजावून सांगता येत नाही. आम्ही तो नाद सोडलाय.

(मेळ्याची कमान. गर्दी. रजयांची दुकानं, चकचकीत मोटारी, परातीएवढे पापड.)

मेळा 1905 सालचा. माधवराव शिंद्यांनी सुरू केला तेव्हा तो गुरांचा बाजार होता. आता 104 एकरांच्या मैदानात मोटारींपासून लोणच्यापर्यंत सगळं विकलं जातं. माधवराव महाराजांना यंत्रांचं भारी वेड. जयविलास राजवाड्यातली त्यांची चांदीची आगगाडी लोक आजही माना उंचावून बघतात. ती जेवणाच्या टेबलावरून पाहुण्यांपुढे पेयं घेऊन फिरायची. कुणी सुरई उचलली की आपोआप थांबायची, परत ठेवली की पुढे निघायची. महाराज आज इथल्या पाळण्यांच्या झूला सेक्टरमध्ये आले असते तर मोटर चालवणाऱ्याच्या शेजारून हलले नसते, असं मला उगाच वाटतं.

(झूला सेक्टर. ब्रेक डान्स, टोरा-टोरा, झुलणारी नाव. सगळ्यांच्या वर, दिव्यांचा आकाशपाळणा.)

आम्ही आलो होतो हे दिवे टिपायला. कॅमेरा लावला आकाशपाळण्याखाली, लोखंडी कठड्याला लागून. माइक कठड्यालाच बांधून टाकला. रात्री घरी जाऊन ऐकलं, तर चार भोंग्यांच्या चार गाण्यांमधून एकच वाक्य पुन्हा पुन्हा वर येत होतं. कधी "भैया", कधी "आंटी", कधी नुसतंच "सुनिए". आणि पुढे, "जरा पकडना."

झुल्यावर चढायचं म्हणजे हात मोकळे हवेत. पर्स, चष्मा, नुकतीच घेतलेली चादर, फुगा, अर्धी सॉफ्टी, हे सगळं कुठे ठेवणार? घरचं कुणी खाली असेल तर त्याच्या गळ्यात. नसेल तर कठड्याशी जो उभा असेल त्याच्या.

(कठड्याशी एक वयस्क गृहस्थ. कानटोपी, मफलर, हातमोजे.)

हे काका लष्करातले. म्हणजे फौजेतले नव्हेत, आमच्या लष्कर भागातले. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी इथे छावणी टाकली. ती उठलीच नाही, तिचंच गाव झालं. काकांची नातवंडं वर गेली आहेत. गुडघे दुखतात म्हणून काका खाली. साडेसहाला आम्ही पाहिलं तेव्हा त्यांच्या हातात नातवंडांचे दोन स्वेटर होते. सातला दोन स्वेटर, एका अनोळखी मुलीची पर्स, कुणाची तरी चादरीची पिशवी आणि एक सॉफ्टी.

सॉफ्टीकडे जरा नीट बघा. थंडी असली म्हणून ती विरघळत नाही असं नाही, सावकाश विरघळते एवढंच. पोराने दिली तेव्हा टोक ताठ होतं. पाळणा दुसऱ्यांदा वर गेला तसं ते कलंडलं. मग एक पांढरा ओघळ कोनावरून निघाला, काकांच्या लोकरी हातमोज्यावर आला आणि तिथेच मुरला. काकांनी हात अंगापासून लांब धरलाय. त्यांना ती पुसता येत नाही, कारण दुसरा हात पर्सेत अडकलाय. चाटता येत नाही, कारण सॉफ्टी दुसऱ्याची आहे. पाळणा उतरेपर्यंत काका तसेच, निरांजन धरल्यासारखे.

आम्ही विचारलं, "काका, इतकं सगळं कशाला घेता?"

"मी काय," काका म्हणाले, "मी खुंटी आहे. खुंटीला विचारतं का कुणी?"

पोरगा उतरला, सॉफ्टी घेतली, थँक्यू म्हणाला आणि पळाला. पर्सवाली मुलगी मात्र थांबली. पर्समधून रुमाल काढून तिने तो हातमोजा पुसून दिला. डाग आणखीनच पसरला.

(पाळणा भरतोय. चालवणारा बोटाने खुणावतो: तुम्ही इकडे, तुम्ही पुढच्यात.)

आकाशपाळण्याचं एक गणित असतं. एका बाजूचे पाळणे भरले आणि समोरचे रिकामे राहिले, तर चाक एकीकडे ओढ घेतं आणि मोटरवर ताण येतो. म्हणून चालवणारा खालचा एक पाळणा भरतो, चाक अर्धं फिरवतो, समोरचा भरतो. कोण कुणाबरोबर आलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही, त्याला वजन कळतं. शिकागोत 1893 साली फेरिस नावाच्या इंजिनिअरने आपलं प्रचंड चाक उभारलं तेव्हा त्याला 36 डबे होते आणि एकेका डब्यात 60 माणसं मावत. त्या गर्दीत शेजारी कोण, याची कुणाला फिकीर? इथल्या पाळण्यात चौघं बसतात. गुडघ्याला गुडघा लागतो.

(एक आजी. शाल, गळ्यात अडकवलेली पिशवी. चालवणारा त्यांना एका तरुण जोडप्यासमोर बसवतो.)

या आजी घरच्यांबरोबर आल्या होत्या, पण घरच्यांचा पाळणा भरला आणि आजी उरल्या. त्यांना बसवलं मुरैन्याकडून आलेल्या एका नवीन जोडप्यासमोर. मुलीच्या हातात अजून लग्नाचा चुडा. पाळणा वर गेला आणि नेमका टोकाला थांबला, खाली दुसरा पाळणा भरायचा म्हणून. वर काय झालं ते कॅमेऱ्याला दिसलं नाही. खाली आल्यावर दिसलं ते इतकंच, की दोघींचे हात एकमेकींत घट्ट होते आणि नवरा बाजूला अवघडून बसला होता.

कोण घाबरलं होतं, हे आम्ही दोघींनाही विचारलं.

"ती पोर थरथर कापत होती हो," आजी म्हणाल्या.

"माताजी डर गई थीं," मुलगी म्हणाली.

मग आजींनी पिशवीतून स्टीलची डबी काढली. तिळगूळ. "तिळगूळ घ्या, गोड बोला," म्हणाल्या, आणि पोरीला समजलं नसेल म्हणून पुन्हा हिंदीत, "मीठा बोलना, हं." मुलगी हसायला लागली. तिने आपल्या पिशवीतून गजकचं पुडकं काढलं. तेही तीळ, तोही गूळ. फरक हाताचा. आपण पाक करून लाडू वळतो किंवा वड्या थापतो. तिकडे गुळाचा पाक ताणून ताणून उजळ करतात, त्यात तीळ घालतात आणि लाकडी हातोड्यांनी कुटतात, इतकं की तोंडात टाकल्यावर पापुद्रे सुटावेत. आजींनी गजकचा तुकडा तोंडात टाकला, चघळला, आणि आमच्याकडे बघून मराठीत म्हणाल्या, "आमच्यापेक्षा बरं जमतं यांना. पण हे कापू नका, आमच्या सूनबाईंनी ऐकलं तरी चालेल."

कापलं नाही.

(मौत का कुआं. फळ्यांची भिंत हादरतेय. मोटरसायकलचा आवाज वाढत जातो.)

मौत का कुआं. याच्यावर पुष्कळांनी पुष्कळ बोलून झालंय. वेग, वर्तुळ, टायरचं घर्षण, मोटरसायकल उभ्या भिंतीवर कशी राहते वगैरे. आम्हाला दाखवायचंय ते वरच्या गॅलरीतलं. प्रेक्षक कठड्यावरून दहा-वीसची नोट धरून वाकतात, आणि गाडीवाला हँडलवरचा हात सोडून ती वरच्या वर टिपून नेतो. पण पुढच्या रांगेतल्यांचेच हात पोचतात. मग मागचा माणूस काय करतो?

(संथ गतीत. एक नोट, हातातून हातात.)

ही नोट तिसऱ्या रांगेतल्या फेटेवाल्या माणसाची. त्याने ती पुढच्या मुलाच्या खांद्यावर टेकवली. मुलाने मागे न बघता घेतली आणि पुढे दिली. पुढच्या बाईंनी शालीतून हात काढला, दिली. शेवटी ती कॉलेजच्या एका पोराकडे आली. त्याने वाकून धरली आणि गाडीवाल्याने नेली. फेटेवाल्याला बक्षीस दिल्याचं समाधान, गाडीवाल्याला वाटलं कॉलेजच्या पोराने दिलं. मधल्या तिघांतल्या कुणी ती खिशात घातली असती तर कुणाला पत्ता लागला असता?

आता एक सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हे फारच गुळमट चाललंय. याच गर्दीत खिसे कापले जातात. पोरींना धक्के मारणारेही इथेच फिरतात. आणि "जरा पकडना" म्हटल्यावर सरळ नाही म्हणणारेही आमच्या चित्रीकरणात आहेत. एका तरुणाने दोन्ही हात वर केले आणि मागे सरकला. अनोळखी माणसाची बॅग, आत काय असेल कोण जाणे, उद्या नसती भानगड. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण म्हणूनच मला धरणाऱ्यापेक्षा देणाऱ्याची कमाल वाटते. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, आणि ही बाई पगार ठेवलेली पर्स त्याच्या हातात देऊन सरळ आकाशात जाते.

(ध्वनिक्षेपकावरून आवाज: लाल स्वेटर, वय चार वर्षं, आपलं नाव गुड्डू सांगतो.)

हा आवाज आला की मी आजही थांबतो.

मी सात वर्षांचा होतो. बाबांच्या शालीचं टोक धरून चालायचं, अशी सक्त ताकीद. बाबांची शाल तपकिरी. त्या वर्षी ग्वाल्हेरातल्या निम्म्या बापांच्या शाली तपकिरी होत्या. खजल्याच्या दुकानापाशी मी क्षणभर टोक सोडलं, त्या फुगलेल्या, कढईतून निथळत निघणाऱ्या खजल्याकडे पाहिलं आणि पुन्हा टोक धरलं. चालत राहिलो. बऱ्याच वेळाने "बाबा, पापड" म्हणालो, तेव्हा वरून खाली वाकलेला चेहरा मिशीवाला होता. बाबांना मिशी नव्हती.

त्यांना आधीच कळलं होतं, हे मला मोठेपणी उमगलं. कारण ते फार हळू चालत होते. आपल्या शालीला कुणाचं तरी पोर लागलंय म्हटल्यावर माणूस दचकतो, झटकतो, निदान विचारतो तरी. त्यांनी यातलं काही केलं नाही. मी रडलो असतो ना. ते शाल तशीच माझ्या मुठीत ठेवून चौकशीच्या तंबूकडे चालले होते. आधी पापड घेऊन दिला. त्याचा आडोसा करून रडता येत होतं, इतका मोठा होता.

तंबूत नाव विचारलं. मी मराठीत सांगितलं, वडिलांचं नाव आणि आडनाव जोडून, शाळेत सांगतात तसं. भोंग्यावरून जे बाहेर पडलं ते आमच्या सात पिढ्यांत कुणाचं नाव नव्हतं. पण मागून "मराठी बोलता है" असं जोडलं होतं, त्यावरून बाबा धावत आले. बाबांना आभार मानायला शब्द सापडेना. हिंदीत सुरुवात केली, मराठीत घसरले. त्या गृहस्थांनी माझ्या मुठीतून शालीचं टोक हलकेच सोडवलं, खांद्यावर नीट घेतलं आणि म्हणाले, "बच्चे की पकड अच्छी है."

एवढंच. नाव विचारायचं राहिलं. पुढे कित्येक वर्षं मेळ्यात गेलं की बाबा मिशीवाल्यांकडे टक लावून बघायचे. आईला त्याची लाज वाटायची.

(रात्र. धुकं मैदानात उतरलंय. वरचे पाळणे दिसेनासे झालेत, फक्त दिव्यांचे गोल.)

दहा वाजत आलेत. धुक्यात अर्धं चाक बुडालं. पाळणा वर जातो तो नाहीसाच होतो, आणि खाली उभे असलेले लोक हातातल्या पिशव्या घेऊन वर बघत राहतात. काकांची नातवंडं तिसऱ्यांदा गेली आहेत. काका एक पाय सोडून दुसऱ्यावर उभे राहतात. आम्ही शेवटचा शॉट लावला. चाक, धुकं, दिवे. तिपाई आवरून झाली होती, म्हणून कॅमेरा हातात.

(दृश्य अचानक तिरकं होतं. पडद्याच्या कडेला एक बांगड्यांचा हात.)

"भैया, जरा पकडना."

शॉट वाकडा झाला तो इथे. कॅमेरामनच्या डाव्या हातात आता एक मोठा पापड आहे, एका बाजूने खाल्लेला, आणि बाई तिकीट नाचवत पळाल्या आहेत. चाक फिरतंय. आम्ही काही न बोलता उभे. पापडावर धुक्याचा ओलावा बसायला लागलाय, लवकरच मऊ पडणार. कॅमेरामन माझ्याकडे बघतो, मी पापडाकडे.

बाई उतरल्या, पापड घेतला, निरखून पाहिला.

कोपरा मी मोडला होता. फक्त कोपरा.

त्यांनी उरलेल्याचे दोन तुकडे केले, मोठा आमच्या हातावर ठेवला आणि धुक्यात निघून गेल्या.

(पडदा तिरकाच राहतो. भोंगा बंद होतो. पापड मोडल्याचा आवाज.)