माशीभोवतीची भेग

अंबरचा, म्हणजे झाडाच्या जीवाश्म झालेल्या राळेचा, हा तुकडा जवळून पाहा. मधाच्या रंगाचा, आरपार, आत एक माशी. तिच्या पायांवरचे केसही दिसतात. लेबल म्हणतं, बाल्टिक अंबर. म्हणजे माशीचं वय सुमारे 4 कोटी वर्षं.

जर्मन कीटकतज्ज्ञ हेर्मान लोव यांच्या संग्रहातला हा नमुना 1922 मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमकडे आला. 1966 मध्ये कीटकतज्ज्ञ विली हेनिग यांनी त्यावर लिहिलं. माशी निघाली फॅनिया स्केलॅरिस, आजही संडासांभोवती घोंगावणारी. इतक्या काळात काडीचाही बदल नाही? हेनिग यांनी लेखाच्या शीर्षकातच प्रश्नचिन्ह टाकलं. तरी लेबल टिकलं.

1993. म्युझियममधले अँड्र्यू रॉस तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. दिव्याची धग लागते आणि माशीभोवती ही भेग दिसू लागते.

आता कडेने पाहा. ही सरळ रेघ म्हणजे सांधा. तुकडा मधोमध कापला, एका भागात माशीपुरती पोकळी कोरली, माशी बसवून भराव घातला, दुसरा भाग वर चिकटवला. काम इतकं सफाईदार की वरून बघणाऱ्याला काही कळू नये.

नेहमीच्या चाचण्या इथेच फसतात. 250 मिलिलिटर पाण्यात 50 ग्रॅम मीठ विरघळवलं की त्यात अंबर तरंगतं. काच आणि बेकेलाइट (जुनं प्लास्टिक) बुडतात. पण असा बनावट तुकडाही तरंगतो, कारण बाहेरचं अंबर अस्सल आहे. पृष्ठभागाचा, पदार्थ ओळखायला वापरतात तो अवरक्त वर्णपट घेतला, तर तोही बाल्टिक असंच सांगेल.

म्हणून सांधा शोधायचा. तुकडा ग्लिसरीनमध्ये धरला की पृष्ठभागाची चमक मरते आणि आतलं स्वच्छ दिसतं. (तडे गेलेला तुकडा बुडवू नये, द्रव आत शिरतो.) सगळ्या बाजूंनी फिरवा. चपटे बुडबुडे एकाच पातळीत दिसले, तर तिथे डिंक आहे. अतिनील दिव्याखाली डिंकाची पट्टी अंबरपेक्षा वेगळी चमकते. खऱ्या नमुन्यात राळेच्या प्रवाहरेषा कीटकाला वळसा घालतात. बाल्टिक अंबरमध्ये कीटकाच्या अंगावर बऱ्याचदा दुधी थर असतो, आणि आसपास ओकच्या झाडाचे चांदणीसारखे सूक्ष्म केस. पाय नीट पसरून बरोबर मध्यभागी बसलेला देखणा कीटक आधी संशयाने बघावा.

माशी जीवाश्मांच्या यादीतून गेली. कारागीर कोण, हे उघड झालेलं नाही. जुन्या संग्रहांतले असे किती तुकडे अजून फक्त वरून पाहिले जातात! ते कडेने तपासायला हवेत, लेबल वाचण्याआधी.