शीव कुठं आहे, ते पक्षी धरणाऱ्याला विचारा

नमस्कार श्रोतेहो.

जमिनीचा वाद म्हणजे काय, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. मोजणीदार येतो, खुणा लावतो, शेजारचा हरकत घेतो आणि शेवटी गावातल्या एखाद्या जाणत्या म्हाताऱ्याला बोलावणं जातं. आज मात्र आपला तालुका, आपला बांध सगळं बाजूला ठेवू या आणि प्रशांत महासागराच्या मधोमध असलेल्या हवाई बेटांवर जाऊ या. एकोणिसाव्या शतकात हवाई हे स्वतंत्र राज्य होतं. तिथले राजे होते, कायदेमंडळ होतं, न्यायालयं होती. या राज्यानं आपल्या मोठमोठ्या जमिनींच्या हद्दी ठरवण्यासाठी साक्षीला बोलावलं ते कोळ्यांना, पक्षी धरणाऱ्यांना आणि होड्यांसाठी लाकूड तोडणाऱ्यांना.

तिथली जुनी जमीन-व्यवस्था आधी समजून घेऊ. बेटाच्या मधोमध ज्वालामुखीचा डोंगर, चहूबाजूंनी समुद्र. जमिनीचे पट्टे बहुतेक डोंगरापासून थेट समुद्रापर्यंत आखलेले. अशा पट्ट्याला म्हणतात अहुपुआअ. खाली किनाऱ्यावर मासे आणि मीठ, थोडं वर अळूची पाणथळ शेतं, त्याच्या वर जंगल, म्हणजे सरपण आणि होड्यांचं कोआचं लाकूड, आणि सगळ्यात वर डोंगरातले पक्षी. एका पट्ट्यातल्या माणसांची गरज बहुतेक त्याच पट्ट्यात भागायची. वर सरदार, त्याच्या वतीनं कारभार बघणारा कोनोहिकी, आणि कष्ट करणारी रयत. पट्टे मात्र एकसारखे मुळीच नव्हते. काही शंभरेक एकरांचे, तर या बेटांपैकी सगळ्यात मोठ्या, हवाई याच नावाच्या बेटाच्या दक्षिणेला काऊ भागातला काहुकू हा एकच पट्टा १,८४,२९८ एकरांचा.

१८४८ साली राजा तिसरा कामेहामेहा यानं जमिनीची वाटणी केली. २७ जानेवारीपासून ७ मार्चपर्यंत राजा आणि २४५ सरदार एकेक करून वहीसमोर बसले. हा पट्टा तुझा, हा माझा, असं लिहून खाली सह्या झाल्या. सव्वा महिन्यात काम संपलं. एवढ्या लवकर संपलं, कारण वहीत फक्त नावं लिहिली होती. नकाशा नाही, क्षेत्रफळ नाही, चतुःसीमा नाहीत. सगळ्यांनाच ठाऊक आहे की कोणता पट्टा कुठून कुठपर्यंत, मग लिहायचं कशाला?

यातली गंमत पाहा, म्हणजे गंमत कसली म्हणा. १८५० च्या कायद्यानं रयतेलाही स्वतः कसत असलेल्या तुकड्याची मालकी मागता येऊ लागली. पण त्यासाठी तुकड्याची मोजणी हवी, साक्षीदार हवेत, आणि हे सगळं ठरलेल्या मुदतीत हवं. असे सुमारे ८,२०० दावे मंजूर झाले. सगळी जमीन मिळून २८,६०० एकरांच्या आसपास, म्हणजे राज्याच्या एकूण जमिनीच्या एका टक्क्याहूनही कमी. ज्याच्या पदरात अळूची चार वाफ्यांची जमीन, त्याला मोजणीची अट. आणि ज्याला डोंगरापासून समुद्रापर्यंतचा पट्टा मिळाला, त्याला नुसत्या नावावर.

पुढं उसाचे मळे आले. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं तशी साखर महागली. वरच्या माळांवर गुरांचे मोठे कळप चरू लागले. जमीन भाड्यानं जाऊ लागली, विकली जाऊ लागली. घेणारा विचारू लागला, नाव कळलं, पण जमीन कुठून कुठपर्यंत? तोवर ते सांगणारी माणसं झपाट्यानं कमी होत होती. बाहेरून आलेल्या रोगांच्या साथींनी बेटं ओस पडत होती. १८५३ च्या शिरगणतीत ७३,१३८ माणसं होती, १८७२ मध्ये ५६,८९७. म्हाताऱ्या माणसाबरोबर त्याच्या डोक्यातली हद्दही मातीत जात होती. म्हणून १८६२ मध्ये कायदा करून सीमा आयुक्तांची व्यवस्था सुरू झाली. नुसत्या नावावर दिलेल्या पट्ट्यांच्या हद्दी त्यांनी ठरवायच्या. १८६८ नंतर प्रत्येक न्यायिक विभागाला स्वतंत्र आयुक्त मिळाला. हवाई बेटावर हे काम बराच काळ रूफस लायमन यानं केलं. तो मिशनऱ्याचा मुलगा, हिलो गावातच जन्मलेला.

सुनावणी कशी चालायची? पट्ट्याचा मालक अर्ज करायचा, शेजारच्या मालकांना नोटिसा जायच्या आणि दोन्हीकडचे साक्षीदार उभे राहायचे. या साक्षीदाराला म्हणायचे कामाआइना, म्हणजे लहानपणापासून त्याच मुलखात वावरलेला, तिथली खडान्‌खडा माहिती असलेला माणूस. पहिला प्रश्न जन्माचा. जन्मसाल कुणाला माहीत असणार? मग उत्तर यायचं की ओकूऊची साथ आली तेव्हा मी जन्मलो, म्हणजे १८०४ च्या सुमाराला. किंवा कीहोलोच्या मासळीच्या तळ्याची भिंत बांधली तेव्हाचा माझा जन्म. ते तळं पहिल्या कामेहामेहानं बांधवलं होतं, आणि १८५९ मध्ये माउना लोआ या ज्वालामुखीच्या लाव्ह्यानं ते बुजवून टाकलं. तळं नाहीसं झालं तरी म्हाताऱ्याचं वय अजून त्याच भिंतीवरून मोजलं जात होतं.

मग हद्द. एक टेकडी, तिथून अमुक गुहा, गुहेपासून दगडांची रास, पुढं ओढा ओलांडला की ओहियाचं एक मोठं झाड, तिथून वर माउका, म्हणजे डोंगराच्या अंगाला. आणि प्रत्येक खुणेमागे हे कुणी दाखवलं, तेही सांगायचं. वडील पक्षी धरायचे, त्यांच्याबरोबर मी हिंडलो. आजोबांनी सांगितलं होतं, या दगडापलीकडे जाऊ नकोस.

हे पक्ष्यांचं प्रकरण जरा बारकाईनं बघू, कारण माझ्या मते सगळी मेख इथंच आहे. ओओ आणि मामो या पक्ष्यांची पिवळी पिसं सरदारांच्या झग्यांसाठी लागायची. पिसं ही साधी हौस नव्हती, तो कर होता. उआउ नावाचा पक्षी समुद्रात मासे पकडतो आणि डोंगरात उंचावर बिळात पिल्लं वाढवतो. ती चरबीदार पिल्लं म्हणजे मोठा खाऊ. आता कुणी शेजारच्या पट्ट्यात जाऊन पक्षी धरला, तर तो हिसकावून घेतला जायचा. म्हणजे हद्द चुकली की शिकार गेली. अशा माणसाला हद्द पाठ असणारच! नकाशा काढणाऱ्याची रेघ इकडची तिकडे झाली तर त्याचं काही बिघडत नाही. या माणसाचं संध्याकाळचं जेवण बिघडत होतं. म्हणून कारभाऱ्याच्या साक्षीपेक्षा मला पक्षी धरणाऱ्याची साक्ष जास्त भरवशाची वाटते.

हवाई बेटावरच्या काओहे आणि हुमुउला या दोन पट्ट्यांचं उदाहरण घ्या. कर्टिस लायन्स हा मोजणीदार हवाईतच जन्मलेला आणि तिथली भाषा उत्तम बोलणारा. त्यानं १८७५ मध्ये लिहून ठेवलंय की माउना केआ डोंगराचा मुख्य भाग एकट्या काओहेकडे, कारण तिथले उआउ पक्षी धरण्याचा हक्क फक्त काओहेच्या धन्याचा. आणि हुमुउलाची वरची शीव कुठं? डोंगरावर मामाने नावाची झाडं जिथवर उगवतात, तिथवर. हा हुमुउला पट्टा तर किनाऱ्यावरून निघून, हिलोकडच्या बाकी सगळ्या पट्ट्यांच्या माथ्यावरून आडवा पसरत माउना लोआच्या माथ्यापर्यंत गेला होता. म्हणजे हद्द दोरीनं आखलेली नव्हती. कुठं एका पक्ष्यानं ठरवली, कुठं एका झाडानं.

पण १८७० च्या दशकात याच दोन पट्ट्यांच्या साक्षी झाल्या तेव्हा सगळं इतकं सरळ निघालं नाही. एका साक्षीदारानं सांगितलं, आईवडील म्हणायचे की हुमुउला पार वर दगडी कुऱ्हाडींच्या खाणीपर्यंत जातं, आणि हुमुउलाच्या लोकांसाठी आम्ही कुऱ्हाडी आणायला तिथं जायचो. दुसरे म्हणत, ते काओहेचंच. घट्ट काळ्या दगडाची ही खाण खरोखरच त्या डोंगरावर सुमारे १२,००० फुटांवर आहे. कुऱ्हाडी आणायला जाणं आणि जमीन आपली असणं, या दोन गोष्टी एकच आहेत का? आयुक्तापुढचा पेच हा होता. शेवटी माथा काओहेकडे राहिला. आज जगातल्या मोठमोठ्या दुर्बिणी ज्या माथ्यावर उभ्या आहेत आणि जिथं नव्या दुर्बिणीवरून २०१९ मध्ये मोठं आंदोलन झालं, तो हाच काओहेचा माथा.

सगळेच साक्षीदार धुतल्या तांदळासारखे होते, असं मी म्हणणार नाही. साक्षीदार आणायचा तो पक्षकारच, आणि पक्षकार कुणाला आणतो हे आपल्याला माहीत आहे. माउई बेटावरच्या पुलेहुनुइ पट्ट्याचा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याचा १८७९ चा निकाल आजही वकील काढून बघतात. न्यायालयानं जुनं तत्त्व शब्दांत मांडलं. सरदाराला आणि त्याच्या माणसांना किनाऱ्यावर मासेमारीची जागा मिळावी, डोंगरातलं सरपण, होड्यांचं लाकूड, पक्षी मिळावेत आणि तिथं जायची वाटही मिळावी, म्हणून पट्टा समुद्रापासून डोंगरापर्यंत. कामाआइना कुणाला म्हणायचं, तेही त्यात सांगितलंय. म्हाताऱ्यांचं बोलणं कायद्यात बसवणारा हा निकाल आहे.

साक्ष झाली की पाळी मोजणीची. सुरुवातीच्या काळात या कामाचा नुसता सावळा गोंधळ होता. कुणाची साखळी ५० फुटांची, कुणाची ६६ ची. कुणी खरी उत्तर धरायचा, कुणी होकायंत्राची, आणि होकायंत्र तर तिथं फसवणारच, कारण लाव्ह्याच्या दगडात लोह, सुई भलतीकडे वळते. जाता जाता सांगतो, ही ६६ फुटी साखळी आपल्याकडेही आली. आपला गुंठा ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, म्हणजे त्याच साखळीचं निम्मं. असे ४० गुंठे झाले की एकर भरतो. असो. १८७१ मध्ये सरकारी मोजणी खात्याचा प्रमुख विल्यम डीविट अलेक्झांडर याच्या हाताखाली माउईच्या सपाटीवर आधाररेषा मोजली गेली आणि तिच्यावरून त्रिकोणमापन, म्हणजे कोन घेऊन लांबच्या खुणांची जागा काढणं, सुरू झालं. लायन्सही याच खात्यात. मग साक्षीदाराची गुहा, टेकडी, दगडांची रास हे सगळं कोन आणि अंतरं होऊन कागदावर उतरलं.

कागद पक्का झाला आणि विक्रीही सोपी झाली, हे मला टोचतं. ज्याच्या आठवणीवर हद्द ठरली, त्या साक्षीदाराची ती जमीन बहुधा नव्हतीच. तो धन्याच्या पट्ट्यात राबलेला. त्यानं शीव दाखवली, आयुक्तानं प्रमाणपत्र दिलं, आणि पुढं तोच पट्टा मळेवाल्याच्या, गुरांच्या कंपनीच्या हाती जायला मोकळा झाला. १८९३ मध्ये राणीला पदच्युत केलं गेलं, १८९८ मध्ये बेटं अमेरिकेनं आपल्यात घेतली. त्या जबान्या मात्र दफ्तरात राहिल्या, आणि आज जुन्या वाटा, जुनी नावं, मासेमारीचे हक्क शोधायचे तर लोक त्याच चाळतात.

कामाआइनाची साक्ष तिथंच संपली नाही. १९६८ मध्ये मोलोकाई बेटावरचा एक वाद हवाईच्या सर्वोच्च न्यायालयात आला. राजानं दिलेल्या १८६६ च्या मालकीपत्रात हद्द ‘समुद्राच्या कडेकडेनं’ एवढीच लिहिलेली. मालक म्हणाले, भरतीच्या सरासरी पातळीची आकडेवारी आहे, त्यावरून रेघ मारा. राज्य सरकारनं स्थानिक जाणकारांची साक्ष काढली: जुन्या रिवाजानं लाटा वर येऊन जिथं झाडोऱ्याला लागतात किंवा कचरा टाकून जातात, ती हद्द. ही रेघ मालकांच्या रेघेपेक्षा २० ते ३० फूट वर. सरन्यायाधीश विल्यम रिचर्डसन यांच्या न्यायालयानं आकडेवारी बाजूला ठेवली आणि जाणकारांचं ऐकलं. तेवढा किनारा लोकांचा राहिला.

पण माणूस हुशार! किनाऱ्यालगतचे मालक नौपाकाची झुडपं लावून, पाणी घालून झाडोरा समुद्राकडे वाढवू लागले, म्हणजे हद्दही खाली सरकेल. २००६ मध्ये काउआई बेटावरच्या एका प्रकरणात न्यायालयानं सांगितलं, लावलेल्या झुडपांवर जाऊ नका, लाटा सगळ्यात वर कुठवर येतात ते बघा. त्यामुळे हवाईत आजही किनाऱ्याची हद्द ठरवायची झाली की मोजणीदाराला झाडं राखून वाढवलेली आहेत की आपसूक उगवलेली, हे आधी विचारावं लागतं.

नमस्कार.