लॅमिंग्टन रोडची डिस्क आणि लंडनचा निकाल

(दृश्य: ग्रँट रोड पूर्व. दुपारची वेळ, दुकानांच्या पाट्या, हातगाड्या, गर्दी.)

ग्रँट रोड स्थानकातून पूर्वेला बाहेर पडून थोडे चालले की डॉ. भडकमकर मार्ग लागतो. पाटीवर हे नाव असले तरी मुंबईकर या रस्त्याला आजही लॅमिंग्टन रोडच म्हणतात. संगणकाचे सुटे भाग, केबली आणि चार्जर विकणाऱ्या दुकानांच्या रांगेतल्या एका लहानशा गाळ्यात वापरलेल्या गेमच्या डिस्कची खरेदी-विक्री चालते. कॉलेजात जाणारा एक मुलगा सॅकमधून निळ्या डबीतली डिस्क काढून काउंटरवर ठेवतो. दुकानदार ती दोन बोटांनी कडेने धरतो, ट्यूबलाइटखाली तिरकी करून ओरखडे पाहतो, रुमालाने एक डाग पुसतो आणि भाव सांगतो. “काका, थोडे वाढवा ना, महिन्यापूर्वीच घेतली आहे,” असे म्हणत मुलगा थोडी घासाघीस करतो. मिळालेल्या पैशांत स्वतःची थोडी भर घालून तो दुसरी डिस्क घेऊन निघून जातो.

जी वस्तू विकता येते, मित्राला महिनाभर देता येते आणि आवडली नाही तर बदलून घेता येते, ती मालकीची असते. मासिक वर्गणी भरून किंवा इंटरनेटवरून थेट खेळल्या जाणाऱ्या गेमचे तसे नसते. तो खेळ कोणत्या यंत्रावर चालेल, कोणत्या दराने मिळेल आणि किती दिवस उपलब्ध राहील, हे त्याचे हक्क ज्या कंपनीकडे असतात ती ठरवते. म्हणून अशा हक्कांचे मोठे साठे एका कंपनीकडून दुसरीकडे जाऊ लागतात, तेव्हा तो निव्वळ भागधारकांचा प्रश्न राहत नाही.

(दृश्य: महापालिकेची इमारत. त्यावर आकडे उमटतात.)

१८ जानेवारी २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही कंपनी ६८.७ अब्ज डॉलरना रोखीने विकत घेण्याची घोषणा केली. त्या वेळच्या दराने ही रक्कम पाच लाख कोटी रुपयांच्या पुढे जाते. मुंबई महानगरपालिकेचा २०२२-२३ चा अर्थसंकल्प सुमारे ४५,९४९ कोटींचा होता. म्हणजे या शहराचे रस्ते, पाणी, रुग्णालये आणि शाळा यांचा सगळा खर्च अकरा वर्षे चालावा एवढी ती रक्कम होती. तिच्या बदल्यात मायक्रोसॉफ्टला ‘कॉल ऑफ ड्यूटी’ ही युद्धखेळांची मालिका, ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आणि लोकलच्या डब्यात आजही अनेकांच्या बोटांखाली दिसणारा ‘कँडी क्रश’ मिळणार होते. एक्सबॉक्स हे खेळाचे यंत्र (कन्सोल), गेम पास ही वर्गणीची सेवा आणि जगभर पसरलेली क्लाउड सर्व्हरची यंत्रणा तिच्याकडे आधीपासूनच होती.

व्यवहार पूर्ण व्हायला जवळपास एकवीस महिने लागले, कारण तो अनेक देशांच्या स्पर्धा नियामकांच्या टेबलावरून जाणार होता.

अशा छाननीत नियामक सर्वांत आधी बाजारपेठेची सीमा आखतो. कोणती उत्पादने एकमेकांना पर्याय ठरतात आणि कोणती ठरत नाहीत, हे तो ठरवतो. रेषा कुठे पडते यावर एकच कंपनी कधी लहान दिसते, तर कधी मक्तेदार. या खरेदीनंतर आपण गेमिंगच्या महसुलात टेन्सेंट ही चिनी कंपनी आणि सोनी यांच्यानंतर तिसऱ्या क्रमांकावर असू, असे मायक्रोसॉफ्टनेच जाहीर केले होते. मोबाइल, संगणक आणि कन्सोल हे सगळे एकाच बाजारपेठेत धरले, तर तिसऱ्या क्रमांकाच्या कंपनीला अडवायचे कारण काय, असा तिचा युक्तिवाद होता. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये या व्यवहाराविरुद्ध तक्रार दाखल केली, तेव्हा त्याने वेगळी रेषा आखली. उच्च क्षमतेच्या कन्सोलची बाजारपेठ स्वतंत्र आहे, तिच्यात सोनीचे प्लेस्टेशन आणि मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स एवढेच येतात आणि निन्टेन्डोचा स्विच तिच्याबाहेर आहे, असे आयोगाचे म्हणणे होते.

आयोगाने एक जुना व्यवहारही पुढे केला. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये झेनीमॅक्स ही कंपनी साडेसात अब्ज डॉलरना घेतली आणि त्यानंतर ‘स्टारफील्ड’सारखे तिचे काही नवे खेळ प्लेस्टेशनवर न आणण्याचे त्या वेळी ठरवले. युरोपीय आयोगाला दिलेल्या आश्वासनाशी हे विसंगत आहे, असा अमेरिकी आयोगाचा आरोप होता. युरोपीय आयोगाने मात्र आपली मंजुरी अशा कोणत्याही आश्वासनावर आधारलेली नव्हती, असे नंतर स्पष्ट केले. आमच्या मते या प्रसंगातून घेण्यासारखा धडा साधा आहे. कंपनीचा शब्द करारात आणि नियामकाच्या आदेशात लेखी उतरलेला नसेल, तर मंजुरी देताना त्याला वजन देता येत नाही.

(दृश्य: लंडन. ढगाळ आकाश, थेम्सचे पाणी.)

ब्रिटनच्या स्पर्धा आणि बाजारपेठ प्राधिकरणाचे काम या प्रकरणात सर्वांत वाचनीय आहे, कारण त्यात नियामक स्वतःला दुरुस्त करताना दिसतो. फेब्रुवारी २०२३ मधल्या हंगामी निष्कर्षांत प्राधिकरणाला कन्सोलच्या बाजारपेठेबद्दलही चिंता होती. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ प्लेस्टेशनवरून काढून घेणे मायक्रोसॉफ्टला फायद्याचे ठरेल, असा त्यामागचा हिशेब होता. मार्चमध्ये नवी आकडेवारी तपासल्यावर उलट चित्र दिसले आणि तसे करणे मायक्रोसॉफ्टला मोठ्या तोट्याचे ठरेल, असा निष्कर्ष निघाला. प्राधिकरणाने तो आक्षेप जाहीरपणे मागे घेतला. क्लाउड गेमिंगचा आक्षेप मात्र त्याने सोडला नाही.

क्लाउड गेमिंगमध्ये खेळ आपल्या यंत्रावर चालत नाही. तो दूरच्या सर्व्हरवर चालतो आणि आपल्या पडद्यावर फक्त चित्र पोहोचते. बटण दाबले की तो इशारा सर्व्हरपर्यंत जातो आणि बदललेले चित्र परत येते. म्हणून महागडे यंत्र लागत नाही, चांगले इंटरनेट मात्र लागते. जगातल्या अशा सेवांपैकी ६० ते ७० टक्के वाटा मायक्रोसॉफ्टकडे आधीच आहे, असा प्राधिकरणाचा अंदाज होता. बाजारपेठ अजून लहान असली तरी वेगाने वाढते आहे, आणि तिच्या वाढीच्या वयातच सर्वांत लोकप्रिय खेळ एका मोठ्या कंपनीच्या हाती गेले तर नव्या स्पर्धकाला पाय रोवायला जागा उरणार नाही, हे कारण देऊन २६ एप्रिल २०२३ रोजी त्याने व्यवहार रोखला.

तीनच आठवड्यांनी, १५ मे रोजी, युरोपीय आयोगाने त्याच धोक्याची नोंद घेऊन वेगळा मार्ग काढला. युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या ग्राहकाने ॲक्टिव्हिजनचा खेळ घेतला असेल, तर तो त्याला आपल्या पसंतीच्या कोणत्याही क्लाउड सेवेवर खेळता यावा, यासाठी दहा वर्षे विनामूल्य परवाना द्यायचा, या अटीवर आयोगाने मंजुरी दिली. अमेरिकेत न्यायाधीश जॅकलिन स्कॉट कॉर्ली यांनी ११ जुलै रोजी व्यवहार थांबवण्यास नकार दिला. निकालात त्यांनी या छाननीचे फळ मिळाल्याचेही नमूद केले, कारण ‘कॉल ऑफ ड्यूटी’ दहा वर्षे प्लेस्टेशनवर ठेवण्याची बांधिलकी मायक्रोसॉफ्टने लेखी, जाहीरपणे आणि न्यायालयात स्वीकारली होती. त्यानंतर काही दिवसांतच सोनीनेही दहा वर्षांच्या करारावर सही केली.

आता फक्त ब्रिटन उरले होते. ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने व्यवहाराची रचनाच बदलली. ॲक्टिव्हिजनचे सध्याचे आणि पुढच्या पंधरा वर्षांत येणारे संगणक व कन्सोलचे खेळ क्लाउडवर दाखवण्याचे हक्क, युरोपीय आर्थिक क्षेत्र वगळून उरलेल्या जगासाठी, युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीला विकायचे ठरले. १३ ऑक्टोबर २०२३ रोजी प्राधिकरणाने संमती दिली आणि त्याच दिवशी व्यवहार पूर्ण झाला.

(दृश्य: विरारकडे जाणारी लोकल. फोनवर खेळणारे हात.)

उरलेल्या जगात भारतही येतो. म्हणजे मुंबईतल्या माणसाला हे खेळ क्लाउडवर कोणाकडून मिळतील, याचा एक महत्त्वाचा निर्णय लंडनमधल्या नियामकाच्या आग्रहामुळे झाला. क्लाउडचा आक्षेप ताणलेला आहे, अशी टीका त्या वेळी बरीच झाली. घरोघरी कन्सोल असलेल्या देशातून तो तसा वाटू शकतो. पण जिथे कन्सोलची किंमत अनेक घरांच्या महिन्याच्या कमाईहून जास्त असते आणि खेळणारे बहुतेक जण फोनवरच खेळतात, तिथे मोठ्या खेळापर्यंत पोहोचण्याचा सर्वांत स्वस्त दरवाजा क्लाउडच असू शकतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टची क्लाउड गेमिंग सेवा भारतात अधिकृतपणे सुरू झाली. २०२३ मध्ये दूरची वाटणारी ती बाजारपेठ आता आपल्या शहरातही आली आहे.

हक्क विकत घेणारी युबीसॉफ्टही आपल्याला अनोळखी नाही, कारण पुणे आणि मुंबई दोन्हीकडे तिचे स्टुडिओ आहेत. मार्च २०२५ मध्ये तिने आपल्या प्रमुख मालिकांसाठी वेगळी उपकंपनी काढून तिचा सुमारे २५ टक्के हिस्सा टेन्सेंटला १.१६ अब्ज युरोंना देण्याचे जाहीर केले. स्पर्धा टिकावी म्हणून ज्या कंपनीच्या हाती हक्क सोपवले, तिची स्वतःची घडीच अशी बदलू लागली, तर तो उपाय किती टिकाऊ राहतो, यावर नियामकांनी पुढेही लक्ष ठेवायला हवे.

व्यवहारानंतर काय झाले, हेही सांगायला हवे. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ प्लेस्टेशनवर येत राहिला, त्यामुळे ती बांधिलकी आजवर पाळली गेली आहे. पण जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या गेमिंग विभागातील १,९०० कर्मचाऱ्यांना कमी केले, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये गेम पासचे दर वाढवले. अमेरिकी आयोगाने या दोन्ही गोष्टी अपील न्यायालयाच्या नजरेस आणल्या. मे २०२५ मध्ये अपीलही फेटाळले गेले आणि आयोगाने खटला सोडून दिला. कामगारांचे काय होणार, हा प्रश्न विलीनीकरणाच्या छाननीत आजवर कडेलाच राहिला आहे, आणि आम्हाला ही त्या पद्धतीची खरी उणीव वाटते. स्टुडिओ कमी झाले की चित्रकाराला, प्रोग्रामरला, खेळातल्या चुका शोधणाऱ्या टेस्टरला नोकरीसाठी ठोठावायची दारेही कमी होतात.

(दृश्य: नवी दिल्ली. भारतीय स्पर्धा आयोगाची पाटी.)

भारतात विलीनीकरणांची तपासणी करण्याचा अधिकार स्पर्धा कायदा, २००२ नुसार भारतीय स्पर्धा आयोगाकडे आहे आणि त्यातील संबंधित तरतुदी १ जून २०११ पासून लागू आहेत. अनेक वर्षे या तपासणीचे दार मालमत्ता आणि उलाढाल या दोनच मापांनी उघडत असे. त्या मापांची मर्यादा मुंबईने आपल्या चित्रपटगृहांत पाहिली आहे. पीव्हीआर आणि आयनॉक्स यांनी मार्च २०२२ मध्ये एकत्र येण्याचे जाहीर केले, तेव्हा कोविडमुळे चित्रपटगृहे बंद राहून आयनॉक्सची उलाढाल सूट मिळण्याइतकी खाली आली होती. त्यामुळे देशातल्या दोन सर्वांत मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्या आयोगाच्या पूर्वपरवानगीशिवाय एक झाल्या.

गेमच्या बाबतीत ही मापे आणखी तोकडी पडतात. भारतात खेळणारे प्रचंड आहेत, पण बहुसंख्य लोक खेळ फुकट उतरवून घेतात आणि कंपनीला इथून मिळणारा पैसा कमी असतो. नवी मुंबईत तयार झालेला ‘लुडो किंग’ कोट्यवधी फोनमध्ये पोहोचला, तो विनामूल्य असल्यामुळेच. निव्वळ उलाढाल पाहणाऱ्याला हे खेळाडू दिसतच नाहीत. २०२३ च्या दुरुस्तीने ही पोकळी बऱ्याच अंशी भरली. १० सप्टेंबर २०२४ पासून, व्यवहाराचे मूल्य २,००० कोटी रुपयांपेक्षा जास्त असेल आणि विकल्या जाणाऱ्या कंपनीचा भारतात भरीव व्यवसाय असेल, तर आयोगाला कळवणे बंधनकारक आहे. डिजिटल सेवेच्या बाबतीत जगातल्या एकूण वापरकर्त्यांपैकी दहा टक्के भारतात असले, तरी तो व्यवसाय भरीव धरला जातो. पैसे न देता लोकलमध्ये खेळणारा प्रवासीही त्यामुळे प्रथमच मोजणीत आला. त्याच दुरुस्तीने तपासणीची कमाल मुदत २१० दिवसांवरून १५० दिवसांवर आणली. गेमसारख्या क्षेत्रात, जिथे ब्रिटिश नियामकालाही आपला हिशेब मधेच बदलावा लागला, तिथे ही मुदत आम्हाला कमी वाटते.

पुढचे व्यवहार याहून वेगळे प्रश्न घेऊन येत आहेत. २९ सप्टेंबर २०२५ रोजी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही कंपनी ५५ अब्ज डॉलरना घेण्याची घोषणा झाली. खरेदीदारांत सौदी अरेबियाचा सार्वजनिक गुंतवणूक निधी आणि सिल्व्हर लेक व ॲफिनिटी पार्टनर्स या अमेरिकी गुंतवणूक कंपन्या आहेत, आणि किमतीपैकी २० अब्ज डॉलर कर्जातून उभे राहणार आहेत. इथे कन्सोल आणि खेळ एका हाती येण्याचा जुना प्रश्न नाही. एवढे कर्ज फेडायला कंपनी खेळाचे दर वाढवेल की स्टुडिओ बंद करेल, आणि एखाद्या राज्याच्या निधीकडे मालकी गेल्यावर खेळातल्या मजकुरावर त्याचा परिणाम होईल का, हे प्रश्न बाजारपेठेतला वाटा मोजून सुटणारे नाहीत.

(दृश्य: पुन्हा लॅमिंग्टन रोड. संध्याकाळ, शटर अर्धे खाली.)

गाळ्यातल्या दुकानदाराने दुपारची निळी डबी फडताळात लावली आहे आणि तिच्यावर पेनाने किमतीची चिठ्ठी चिकटवली आहे. सोनीबरोबरच्या कराराची दहा वर्षे २०३३ मध्ये संपतात. युबीसॉफ्टला हक्क देणारी पंधरा वर्षांची यादी २०३८ मध्ये थांबते. ती डिस्क विकून गेलेला मुलगा तेव्हा तिशीच्या आसपास असेल, आणि त्याच्या वेळच्या खेळांचे हक्क कोणाकडे असतील ते ठरवणाऱ्या कराराची छाननी दिल्लीतही तितकीच बारकाईने व्हावी, एवढी आमची अपेक्षा आहे.