टोनी माईल्स आणि ते कोपऱ्यातलं प्यादं

नमस्कार श्रोतेहो. आज बुद्धिबळाबद्दल बोलूया. आपल्या मुंबईत आता दादरपासून बोरिवलीपर्यंत बुद्धिबळाचे क्लास आहेत, लोकलमध्ये उभ्याउभ्या मोबाईलवर डाव खेळणारी पोरं दिसतात, आणि सगळ्यांना पहिला धडा एकच मिळतो: मधली घरं पकड, घोडे-उंट बाहेर काढ, कॅसलिंग कर, म्हणजे राजाला हत्तीच्या आड सुरक्षित ने. धडा बरोबरच आहे. पण हा धडा सरळ बाजूला ठेवून जगज्जेत्याला हरवणारा एक माणूस होऊन गेला, टोनी माईल्स, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा.

साल १९८०, स्वीडनमधलं स्कारा, युरोपियन सांघिक स्पर्धा. समोर पांढऱ्या सोंगट्या घेऊन अनातोली कार्पोव्ह, १९७५ पासूनचा जगज्जेता. कार्पोव्हने राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे ढकललं आणि माईल्सने काय केलं, तर वजिराच्या बाजूचं अगदी कडेचं, हत्तीसमोरचं प्यादं एकच घर सरकवलं! पुढच्या खेळीला त्याच्या शेजारचं प्यादं दोन घरं. हॉलमध्ये लोक हसायला लागले म्हणतात. आणि ४६ खेळ्यांत कार्पोव्ह हरला.

आता हा निव्वळ स्टंट होता का, तर मला अजिबात तसं वाटत नाही. त्या खेळीने पांढऱ्याला मधली जागा मिळते हे खरं, पण काळ्याचं लगेच काही मोडत नाही, उंट लांब तिरप्या ओळीवर येऊन बसतो आणि पांढऱ्याच्या मधल्या प्याद्यावर नजर ठेवतो, आणि मुख्य म्हणजे कार्पोव्हची घरची सगळी तयारी वाया जाते. तिथून पुढे दोघांनाही स्वतःच्या डोक्याने खेळायचं असतं, आणि तिथे माईल्स पक्का होता. १९७४ चा ज्युनियर जगज्जेता होता तो, १९७६ मध्ये ग्रँडमास्टर झाला, म्हणजे बुद्धिबळातला सर्वोच्च किताब, आणि पत्राने नव्हे तर समोरासमोर पटावर खेळून तो मिळवणारा, ब्रिटनमध्येच जन्मलेला पहिला खेळाडू.

१९८५ ला नेदरलँड्समधल्या टिलबर्गला पाठ इतकी दुखत होती की बसताच येईना, म्हणून पठ्ठ्या मसाजच्या टेबलावर पालथा पडून खेळला. काही प्रतिस्पर्ध्यांनी तक्रार केली, तरी शेवटी हा ह्युबनर आणि कोर्चनॉय या दिग्गज ग्रँडमास्टरांबरोबर संयुक्त पहिला.

सगळंच गोड नव्हतं हो. १९८६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला तेव्हाचा जगज्जेता कास्पारोव्हने सहा डावांच्या सामन्यात त्याला साडेपाच-अर्धा असं धुतलं. पुढे मानसिक आजारानेही त्याला फार छळलं, आणि २००१ मध्ये तो गेला, फक्त ४६ वर्षांचा होता, मला हे आठवलं की अजूनही वाईट वाटतं.

स्काराचा तो डाव नेटवर सहज मिळतो. या रविवारी घरी पट मांडा, पोरांना काळ्या बाजूला बसवा, कार्पोव्हच्या खेळ्या तुम्ही खेळा, आणि माईल्सची प्रत्येक खेळी दाखवायच्या आधी पोरांना विचारा, तू इथे काय खेळशील?