गोलच्या आधीची पाच सेकंदं

(दृश्य: इस्तंबूल, २५ मे २००५. अतातुर्क ऑलिम्पिक स्टेडियमचा फलक.)

चॅम्पियन्स लीगची फायनल. मध्यंतराला मिलान तीन, लिव्हरपूल शून्य. पहिल्याच मिनिटाला मालदिनीने गोल केला, मग क्रेस्पोने दोन. मैदान रिकामं आहे, पण इंटरनेटवरचा पैजांचा एक बाजार उघडाच आहे.

तीन गोलांनी पुढे असलेल्या संघाचा भाव १.०१ च्या आसपास उतरतो. शंभर पाउंड अडकवायचे आणि एक पाउंड कमवायचा. आयताच पाउंड, असं वाटतं.

(दृश्य: लिव्हरपूलचा कर्णधार जेरार्डचं हेडर.)

५४वं मिनिट, ५६वं, ६०वं. सहा मिनिटांत लिव्हरपूलचे तीन गोल, आणि तीन-तीन बरोबरी. पुढे पेनल्टी शूटआउटमध्ये लिव्हरपूलने कप नेला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण कोण जिंकणार, या मुख्य सौद्याचा हिशेब नव्वद मिनिटं आणि भरपाईचा वेळ संपला की बंद होतो. त्या वहीत ना मिलान जिंकलं, ना लिव्हरपूल. पैसे सुटले ते बरोबरीवाल्यांचे. या सौद्यात ज्यांनी कप उचलला, त्यांच्यावर शेवटपर्यंत पैसे लावून बसलेलेही बुडाले!

(दृश्य: लंडन, वित्तीय वस्तीतले रस्ते.)

हा बाजार उभा राहिला २००० साली, लंडनमध्ये. अँड्र्यू ब्लॅक आणि एडवर्ड रे या दोघांनी बेटफेअर सुरू केलं. रे आधी जेपी मॉर्गन या बँकेत होते, आणि शेअर बाजारात चालतं तेच त्यांनी पैजेत आणलं. बुकी भाव ठरवणार आणि गिऱ्हाईक तो मुकाट घेणार, ही रीत मोडली. अशा बाजाराला एक्सचेंज म्हणतात, आणि तिथे दोन अनोळखी माणसं आपसात पैज लावतात. कंपनी मधे बसून जिंकणाऱ्याकडून कमिशन कापते.

पैजेच्या या दोन बाजूंना इंग्रजीत बॅक आणि ले म्हणतात. आपल्याकडच्या सट्टेवाल्यांना ते शिकवावं लागलं नसतं. त्यांच्या बोलीत लगाई आणि खाई हे शब्द आहेतच. ‘होईल’ म्हणणारा लावतो, ‘होणार नाही’ म्हणणारा खातो.

(दृश्य: पडद्यावर हलते आकडे.)

मॅच चालू असताना तोच माणूस आधी लावतो आणि नंतर खातो. समजा, बरोबरीचा भाव ३.५० आहे, म्हणजे जिंकलं तर एका पाउंडाचे साडेतीन हातात. त्याने शंभर पाउंड लावले. मैदानात काहीच घडत नाही. प्रेक्षक कंटाळलेत, पण हा खुशीत आहे, कारण शून्य-शून्यवर सरकणारं प्रत्येक मिनिट बरोबरीचा भाव खाली ओढतं. सत्तराव्या मिनिटाला भाव २.०० झाला. आता तो त्याच बरोबरीवर १७५ पाउंडांची खाई करतो. बरोबरी झाली तर २५० आले, १७५ गेले. नाही झाली तर शंभर गेले, १७५ आले. दोन्हीकडून ७५. कमिशन वजा करा, आणि उरलेली मॅच बघितली नाही तरी चालेल.

पण चाळिसाव्या मिनिटाला गोल झाला असता तर? बरोबरीचा भाव उसळून समजा ५.०० झाला, तर तेव्हा सौदा मिटवायला तीस पाउंड पदरचे घालावे लागले असते. बुकींच्या अ‍ॅपवर ‘कॅश आउट’चं बटण दिसतं, ते म्हणजे हाच हिशेब. तिथे तो कंपनी करते, आणि स्वतःचा वाटा ठेवून करते.

म्हणजे या धंद्यात माल म्हणून विकला जातो तो वेळ. आणि वेळ सगळ्यांना सारखा मिळत नाही.

(दृश्य: स्टँडमधली गर्दी. एकाच्या कानात इअरफोन.)

टीव्हीवरचं दृश्य काही सेकंद मागे असतं. मोबाइलवरच्या स्ट्रीमिंगला कधी अर्धा मिनिटही उशीर. घरी सोफ्यावर बसून ‘आता गोल होणार’ म्हणून बटण दाबणारा माणूस घडून गेलेल्या गोष्टीवर पैसे लावत असतो. म्हणून मॅच चालू असताना टाकलेला सौदा एक्सचेंज लगेच घेत नाही. पाच सेकंदांच्या आसपास अडवून ठेवतं. गोल झाला, पेनल्टी मिळाली, लाल कार्ड निघालं, की बाजारच थांबतो आणि अडकलेले सौदे रद्द होतात.

तो थांबवायला मैदानातली खबर लागते. इंग्लंडमध्ये परवाना घेतलेल्या डेटा कंपन्यांची माणसं स्टँडमध्ये बसून प्रत्येक कॉर्नर, प्रत्येक धोकादायक चढाई बटण दाबून कळवतात. परवान्याशिवाय हेच करणारा सापडला, तर तिकीट काढलेलं असूनही त्याला बाहेर काढतात. मला यात गंमत वाटते: गुन्हा काय, तर मॅच डोळ्यांनी पाहून लगेच सांगणं.

भारतात ही चर्चाच वेगळी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांवरचे ऑनलाइन खेळ बंद केले. त्यात पैजाही आल्या.

(दृश्य: रात्रीची मॅच, ८९वं मिनिट, फ्री किक.)

चेंडू ठेवला जातोय. भाव थरथरतायत. स्टँडमधल्या माणसाचा अंगठा बटणावर आहे. चेंडू बचावपटूंच्या भिंतीवरून गेला. पडद्यावरचे सगळे आकडे एकदम करडे झाले.

टीव्हीवर गोल कशाला, किकर अजून धावायलाही लागलेला नाही.