पाटी, मालकी आणि गिऱ्हाईक

मंडळी, नांदेड, लातूर, परभणी किंवा संभाजीनगरहून मुंबई-पुण्याला जाणारी आपली माणसं बहुधा कामानंच जातात. कुणाचा दवाखाना, कुणाची मुलाखत, कुणाच्या मुलीचा प्रवेश. त्यातून दोन-तीन तास मोकळे निघाले आणि ते एखाद्या क्विअर (गे, लेस्बियन, ट्रान्स वगैरे) माणसानं स्वतःच्या हिमतीवर उभ्या केलेल्या कॅफेत किंवा दुकानात घालवायचे ठरवले, तर ते नीट कसं करावं, एवढाच आजचा विषय. साखळीतल्या बड्या दुकानांबद्दल मी बोलणार नाही. जूनमध्ये, म्हणजे क्विअर लोकांच्या 'प्राइड'च्या महिन्यात, काचेवर त्यांच्या झेंड्याचं इंद्रधनुष्य चिकटवायचं आणि १ जुलैला खरवडून काढायचं, हे त्यांना परवडतं.

आधी तीन प्रश्न वेगळे करू. दुकानाचा मालक कोण? कामाला कोण? आणि आत कुणाला निर्धास्त बसता येतं? या तिघांची लोक सर्रास गल्लत करतात. न्यूयॉर्कचं स्टोनवॉल इन घ्या. २८ जून १९६९ च्या पहाटे तिथून पोलिसांविरुद्ध जो उठाव सुरू झाला, त्याच्या आठवणीत जगभर मोर्चे निघतात. पण तो बार तेव्हा चालवत होते माफियावाले. गिऱ्हाईक क्विअर, गल्ला दुसऱ्याचा. आपल्याकडे अंधेरीच्या वर्सोव्यातला बम्बई नजरिया हा कॅफे २०२२ पासून गाजला तो तृतीयपंथी कर्मचाऱ्यांमुळे. रोजगार देणं मोलाचंच आहे, पण मालकी हा निराळा प्रश्न. तुमचा पैसा नेमका कुणाच्या हाती जावा असं तुम्हाला वाटतं, ते ठरवा आणि मगच शोधायला लागा.

मालकी तपासायची कशी? अमेरिकेत एक राष्ट्रीय क्विअर व्यापारी संघटना प्रमाणपत्र देते. त्यासाठी किमान ५१ टक्के मालकी आणि कारभाराचा ताबा क्विअर व्यक्तीकडे असावा लागतो. आपल्याकडे लहान धंद्यांच्या सरकारी 'उद्यम' नोंदणीत लिंग विचारतात, पण माणूस गे आहे की लेस्बियन, हे त्या कागदावर येत नाही, आणि येऊही नये. म्हणून पुरावा एकच: मालकानं स्वतः, जाहीरपणे सांगितलेलं. इन्स्टाग्रामच्या पानावर, मुलाखतीत, दुकानातल्या फलकावर. 'अमक्याकडून ऐकलं' हा पुरावा नव्हे, ती कुचाळकी आहे.

याद्यांवर विसंबू नका. इंटरनेटवरच्या 'क्विअर मुंबई'छाप याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. वांद्र्याचं आझाद बाजार हे क्विअर दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, तरी ते नाव अजून भेटतं. न्यूयॉर्कचं १९६७ साली उघडलेलं ऑस्कर वाइल्ड पुस्तकदुकान २००९ साली बंद पडलं. मग भाड्याच्या गाळ्यातल्या लहान कॅफेचं काय घेऊन बसलात? गाळा अकरा महिन्यांच्या करारावर असेल तर गाळामालकाची लहर फिरली की पत्ता बदलतो. म्हणून पानावरची शेवटची पोस्ट कधीची ते पाहा. दोन-तीन महिने शांतता असेल तर निघण्याआधी मेसेज टाका: अमक्या वारी उघडं आहे का, किती वाजता, जिना आहे की लिफ्ट. अशी दुकानं एक-दोन माणसांवर चालतात. मालक आजारी पडला की शटर खाली.

आणखी एक गोष्ट, जी गावाकडून जाणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. कित्येक क्विअर विक्रेत्यांना दुकानच नसतं. बिल्ले, चित्रं, कानातले, साबण, केक हे सगळं घरून चालतं आणि विक्री होते ती एक-दोन दिवसांच्या बाजारांत. हे बाजार प्राइड मोर्चा किंवा चित्रपट महोत्सवाच्या आसपास भरतात. मुंबईचा मोर्चा साधारण जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला, बंगळूरु आणि दिल्लीचा बहुधा नोव्हेंबरात. तारखा दरवर्षी बदलतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी आयोजकांचं पान पाहा. कामाची तारीख पुढे-मागे होत असेल तर ती या आठवड्याला जुळवा; एका फेरीत वीसेक विक्रेते भेटू शकतात.

आता वेळेचं गणित. देवगिरी किंवा लातूर एक्स्प्रेस सकाळी मुंबईत उतरवते आणि असे कॅफे सहसा दहा-अकराच्या आधी उघडत नाहीत. सोमवारी पुष्कळदा बंदच. सामान स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवा. बॅगेला कुलूप हवं आणि तिकीट दाखवावं लागतं. कुलपाअभावी परत फिरणारे रोज दिसतात. दुपारी तीन ते पाच ही वेळ सर्वांत चांगली. जेवणाची गर्दी ओसरलेली असते, मालकाला दोन शब्द बोलायला उसंत असते.

आत गेल्यावर आधी काहीतरी मागवा. आपल्याकडे तुळजापूरला किंवा माळेगावच्या जत्रेत तृतीयपंथीयांना पाहण्याची, ओवाळणी टाकून आशीर्वाद घेण्याची सवय आहे. गल्ल्यामागे बसलेल्या तृतीयपंथी मालकाशी हिशेबानं वागण्याची नाही. ती सवय लावून घ्यावी लागेल. दया म्हणून जास्त पैसे ठेवू नका आणि ओळख सांगून सूटही मागू नका. एका कॉफीवर तीन तास बसणार असाल तर मधे काही खायला घ्या. लहान कॅफेत सहा-सात टेबलं असतात आणि त्यांवरच भाडं निघतं. जेवण घरपोच ॲपवरून मागवण्यापेक्षा थेट घ्या, म्हणजे ॲपचं कमिशन वाचतं.

पैसे देताना एक चूक हमखास होते. यूपीआयचा कोड स्कॅन केला की खात्यावरचं नाव दिसतं. खातं व्यक्तीच्या नावावर असेल आणि ती व्यक्ती ट्रान्स असेल, तर ते नाव तिनं केव्हाच सोडून दिलेलं असू शकतं. बँकेचे कागद मागे राहिलेले असतात. आपण मात्र सवयीनं मोठ्यानं विचारतो, 'रामभाऊ म्हणून येतंय, बरोबर ना?' भरल्या दुकानात हे करू नका. रक्कम सांगा, मोबाइलचा पडदा त्यांच्याकडे वळवा, झालं. ताई की दादा अशी शंका असेल तर 'अहो, तुम्ही' यानं काम भागतं. नाव विचारलं तर उत्तमच. ऑपरेशन झालं का, घरच्यांना माहीत आहे का, हे विचारायला कॉफीचे पैसे पुरत नाहीत.

फोटो काढताना मागच्या टेबलावरचे चेहरे आणि आरसा पाहा. तिथं बसलेला मुलगा कदाचित जालन्याचा असेल आणि त्याच्या घरी तो क्लासला गेलेला असेल. ठिकाणाचा टॅग विचारूनच लावा. परीक्षण लिहिताना मालकानं जेवढं जाहीर केलंय त्यापलीकडे एक शब्द नको. चांगल्या भावनेनं लिहिलेलं 'गे मालकाचं गोड दुकान' गाळामालकानं वाचलं, तर करार पुढे वाढत नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा फास सुटला, पण त्या निकालानं भाड्याचा गाळा मिळत नाही. कॉफी कशी होती, जिना किती अरुंद होता, ते लिहा.

परदेशाबद्दल थोडक्यात. लंडनच्या मार्चमॉन्ट स्ट्रीटवरचं गेज द वर्ड हे क्विअर पुस्तकदुकान १९७९ पासून चालू आहे. १९८४ साली कस्टमवाल्यांनी तिथली पुस्तकं जप्त केली होती. तैपेईचं जिनजिन हे तसंच पुस्तकदुकान १९९९ चं. तोक्योच्या शिंजुकू नि-चोमे या क्विअर बारांच्या वस्तीतले बरेच बार दहा-बारा माणसांत भरतात, काही फक्त बायकांसाठी किंवा फक्त पुरुषांसाठी असतात, नुसत्या बसण्याचे वेगळे पैसे लागतात. दारावरचा फलक वाचूनच आत जा. खरेदी घेऊन परतताना विमान कुठं थांबतं ते बघा. बहुतेक आखाती देशांत समलैंगिक संबंध गुन्हा आहेत. मलेशियानं २०२३ साली इंद्रधनुषी घड्याळं जप्त केली आणि ती बाळगण्यावर तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. बिल्ले पिशवीवरून काढून ठेवा, पुस्तकं पोस्टानं पाठवा.

आपल्या भागात झेंडा लावून धंदा करणारे फार थोडे, म्हणून बहुतेकांची खरेदी ऑनलाइन होते. एकत्र कुटुंबात राहत असाल तर मागणी नोंदवतानाच लिहा: साधं खाकी पाकीट, वर दुकानाचं नाव नको, बिल मेलवर. पाठवणाऱ्याच्या जागी फर्मचं नाव छापलं जाणार असेल तर ते आधी विचारून घ्या. मोबाइल नंबर स्वतःचाच द्या. कुरिअरवाल्याला घर सापडलं नाही की तो चौकातल्या किराणा दुकानात पाकीट ठेवून जातो. हे टाळायचं असेल तर पाकीट थेट कुरिअरच्या कार्यालयातच ठेवून घ्यायला सांगा, आणि ओळखपत्र घेऊन स्वतः जा.